न थांबणाऱ्या नेटवर्कचं प्रात्यक्षिक

नागपूरला चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि मी जरा जास्तच हुशार झालो. कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यात नेटवर्क सांभाळणारा मी एकटाच. त्यामुळे माझी हुशारी तपासायलाही कोणी नव्हतं.

कारखान्यातले सगळे संगणक जोडणाऱ्या मुख्य स्विचमध्ये दोन कंट्रोल कार्डं आहेत. एक काम करतं, दुसरं तयारीत असतं. पहिलं बंद पडलं की दुसऱ्यानं ताबा घ्यायचा. पण नुसता ताबा घेऊन भागत नाही. कोणता डेटा कोणत्या वाटेनं पाठवायचा हे त्याला आधीच माहीत असावं लागतं. नाहीतर ते नव्यानं वाटा शोधत बसतं आणि तोवर सगळं ठप्प. ही माहिती दुसऱ्या कार्डात सतत उतरत राहावी, एवढंच मला करायचं होतं.

सकाळी सेटिंग केली आणि विभागप्रमुख दीपाली मॅडमना म्हणालो, "मॅडम, चालू कार्ड बाहेर काढून दाखवतो. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"सुट्टीच्या दिवशी कर ना," त्या म्हणाल्या.

"त्यात काय मजा?" असं मी खरोखर म्हणालो.

अकरा वाजता कार्ड ओढलं. मॅडमच्या स्क्रीनवरचे, चालू जोडण्या दाखवणारे हिरवे ठिपके एकेक करून लाल झाले. मी हसतच राहिलो, चेहरा बदलायचं सुचलंच नाही. तेवढ्यात फोन वाजला. वजनकाट्यावरचे देवरावभाऊ होते.

"आदेश, काटा बंद पडला गा. इथी ट्रकची लाइन लागून राह्यली."

"दोन मिनिटं, भाऊ."

"पण काऊन बंद पडला?"

"तेच पाहून राह्यलो."

पाहायला फार कष्ट पडले नाहीत. सेटिंग मी टाइप केली होती, पण लागू केलीच नव्हती. मध्ये चहा आला होता. दुसरं कार्ड तयार आहे की नाही हे एका कमांडमध्ये कळतं. नागपूरला ती कमांड मी वहीत दोनदा अधोरेखित केली होती. कार्ड काढण्याआधी एकदाही चालवली नाही.

काटा सात मिनिटांनी सुरू झाला. अहवालात मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'. मॅडमनी कागद परत दिला.

"कारणाचं नाव लिही."

मी माझं नाव लिहिलं.

रविवारी पुन्हा बसलो. सेटिंग लागू केली, सगळ्या वाटा दुसऱ्या कार्डात उतरल्यात हे तीनदा पाहिलं आणि मग कार्ड काढलं. एकही ठिपका लाल झाला नाही. खोलीत मी एकटाच होतो. राहवेना, म्हणून देवरावभाऊंना फोन लावला.

"भाऊ, आत्ता काट्यावर काही जाणवलं का?"

"नाई बा. बराबर चालू आहे. काऊन, काई बिघडवलं का आज?"

"नाई, नाई."

"मंग फोन कायले केला?"

सहज केला म्हणालो आणि ठेवला.