वस्तादांचा चष्मा

संघ अजिंक्य ठरला की वस्तादांचा चष्मा धरायचं काम माझ्याकडे असायचं. बाकी वर्षभर मी आमच्या बेसबॉल संघाचा सरावाचा कॅचर. पिचर मैदानात उतरण्याआधी कुंपणामागे माझ्याकडे पन्नास-साठ चेंडू टाकतो, मी ते झेलतो, तो जातो, जिंकतो. माझं नाव मोतेगी, पण स्कोअरबोर्डावर ते कधी लागलेलं नाही.

आमच्याकडे अजिंक्यपद मिळालं की सगळे खेळाडू मैदानाच्या मधोमध जमतात आणि वस्तादांना हातांवर घेऊन हवेत उडवतात. हे सगळ्याच संघांत चालतं. आमच्या हामाझाकी पेलिकन्समध्ये त्याला एक शेपूट जोडलेलं होतं: जितकी अजिंक्यपदं, तितक्या वेळा उडवायचं. ही कल्पना कप्तान इबुकाची. पहिल्या वर्षी तो म्हणाला होता, "पहिलं आहे, एकदाच उडवू. दुसरं मिळालं तर दोनदा." सगळे हसले होते. पेलिकन्स त्याआधी सोळा वर्षं शेवटून पहिले येत होते.

त्या वर्षापासून आम्ही नऊ वर्षं ओळीने जिंकलो.

कसे, ते मला विचारू नका. मी कुंपणामागे होतो. सुरुवातीला गाव वेडं झालं. तिसऱ्या वर्षी लोक आनंदाने रडले, पाचव्या वर्षी टाळ्या वाजल्या, सातव्या वर्षी पेपरवाल्यांनी चुकून सहाव्या वर्षाचाच फोटो छापला. फक्त आमच्या एका पिचरच्या लक्षात आलं, कारण मधल्या काळात त्याने पुढचे दोन दात बसवून घेतले होते. गावातली लहान पोरं अजिंक्यपदाला ऋतू समजायची. उन्हाळा, मग पेलिकन्स, मग थंडी.

आमची आई फायनलच्या आदल्या संध्याकाळी शुभप्रसंगीच्या लाल भातासाठी अझुकीचे लाल दाणे भिजत घालते. हल्ली ती मला निकाल विचारत नाही.

"सेल कधीपासून?" एवढंच विचारते. अजिंक्यपदाच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानात सेल लागतो. "तुझ्या मामाला लोकरीचे बनियन घ्यायचेत."

"आई, अजून जिंकलो कुठे आहोत?"

"मग मामाने थंडीत काय करायचं?"

असं सगळं ठीक चाललं होतं, पण वस्ताद चौऱ्याहत्तरचे झाले. गेल्या वर्षी नवव्यांदा उडून ते खाली आले तेव्हा पाठीतून आवाज आला. खालच्या सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी. अकरा दिवस ते अंथरुणावर होते. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, की यापुढे एकदा उडवलं तर चालेल, दोनदा उडवलं तर माझी जबाबदारी नाही, आणि दहा वेळा उडवायचं असेल तर चाकाची खुर्ची आधीच घेऊन ठेवा.

हंगामाच्या सुरुवातीच्या तपासणीत हे सांगितलं तेव्हा एप्रिल होता. ऑक्टोबरपर्यंत आम्ही फायनलला पोचलो. वाटेत कुठे अडलोच नाही.

"एकदाच उडवू आणि थांबू," मी इबुकाला म्हणालो. तो बुटांना पॉलिश करत होता.

"आणि लोक?"

लोकांचा प्रश्न खरा होता. तीस हजार माणसं मोठ्याने मोजतात. पाचव्या वर्षी पावसामुळे आमची मोजणी चुकली आणि आम्ही चारवर थांबलो. प्रेक्षक उठलेच नाहीत. पाऊण तास भिजत बसून राहिले. शेवटी आम्ही आंघोळीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, वस्तादांना पाचव्यांदा उडवलं, मग ते शिस्तीत रांगेने घरी गेले.

"मग हरू या?" मी म्हणालो.

इबुकाने ब्रश खाली ठेवला. "हरायचं कसं?"

प्रश्न वरून सोपा वाटतो. अख्ख्या संघात मोठी हार खाल्लेला एकच माणूस निघाला, नवीन आलेला कोमुरो. शाळेत असताना त्याचा संघ बावीस-शून्य हरला होता. इबुकाने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"सांग बाबा, काय काय झालं?"

"आम्ही खूप मन लावून खेळलो," कोमुरो म्हणाला.

यातून कुणालाच काही घेता आलं नाही. वस्तादांच्या कानावर हे गेलं. ते आले, दारात उभे राहिले.

"माझ्या पाठीसाठी कुणी चेंडू सोडला," ते म्हणाले, "तर मी स्वतः दहा उड्या मारीन. जागच्या जागी." आणि गेले. तो विषय संपला.

फायनलच्या दिवशी सकाळी ते कुंपणामागे माझ्याजवळ येऊन बाकावर बसले. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. देवळातल्या लाकडी पुतळ्यासारखे.

"मोतेगी, वर काय दिसतं रे?"

"कुठे वर?"

"उडवतात तेव्हा."

"मला काय माहीत, वस्ताद? मी खाली असतो."

"मलाही माहीत नाही. चष्मा तुझ्याकडे असतो."

त्यांचा नंबर उणे साडेनऊ. चष्म्याशिवाय त्यांनी एकदा पंचाऐवजी पाण्याच्या पिंपाशी वाद घातला होता.

"एक, दोन, तीन करत नवापर्यंत. किती झाले एकूण?"

"पंचेचाळीस."

"पंचेचाळीस वेळा वर गेलो. पंचेचाळीस वेळा धुकं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या वर्षी वाटायचं, पुढच्या वेळी बघू. मग काही वाटेनासं झालं. आता एकच उडी शिल्लक आहे म्हणतात तर बघून घ्यावं. यंदा चष्मा घेऊ नकोस."

"पडला तर? खाली एवढे लोक, कुणाच्या डोळ्यात काच..."

"म्हणून तुझ्याकडे आलो."

मी माझ्या कॅचरच्या जुन्या मुखवट्याचा मागचा इलॅस्टिक पट्टा कापला आणि त्याची टोकं चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधली. त्यांनी घालून पाहिला, मान हलवली, डावीकडे, उजवीकडे. चष्मा हलला नाही. कान मात्र पुढे आले.

"घट्ट आहे?"

"आहे. राहू दे."

समोर नाताबे क्रेन्स होते. त्यांनी परतीची तिकिटं दुपारच्या गाडीची काढली होती, असं ऐकलं. आम्ही तीन-एक जिंकलो. शेवटचा झेल इबुकाच्या हातात बसला तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे दोन्ही हात वर केले. हातांना तशी सवय झाली होती.

सगळे मधोमध धावले. मीही धावलो, आणि पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझे हात रिकामे आहेत. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. मी ते खिशात घातले. ते बरं दिसेना म्हणून पुन्हा काढले.

वस्तादांना आडवं घेतलं. इबुका ओरडला, "हळू! अंडं आहे असं समजा!" आणि तो माणूस वर गेला, कान पुढे, डोळे सताड उघडे.

"एक!" तीस हजार लोक.

ते खाली आले. चोवीस हातांनी त्यांना असं झेललं, की आवाज आला नाही. पाठीतूनही नाही. वस्तादांनी हात वर केला. "पुरे. उभं करा."

उभं केलं. ते उभे राहिले. स्वतःच्या पायांवर.

मैदान गप्प झालं. मग वरच्या रांगांमधून हळूहळू, विचारल्यासारखं आलं, "दोन?"

कुणी हललं नाही. तीस हजारांपैकी एकही माणूस उठला नाही. आभाळ स्वच्छ होतं, म्हणजे हे लोक मंगळवारपर्यंत बसू शकत होते.

"वस्ताद," इबुका ओठ न हलवता म्हणाला, "हे जाणार नाहीत."

"नऊ राहिलेत ना?" वस्तादांनी आजूबाजूला पाहिलं. माझ्या रिकाम्या हातांवर त्यांची नजर थांबली. "याला घ्या."

"वस्ताद, मी सरावाचा..."

"वजन किती?"

"ब्याण्णव."

"अरे देवा," कुणीतरी मागून म्हणालं, पण तोवर माझे पाय सुटले होते.

लोकांनी दोनपासून दहापर्यंत मोजलं. वर कोण आहे याने त्यांना फरक पडला नाही. सहाव्यांदा जरा उशिरा झेललं. वर काय वाटतं हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. पोटात हलकं होतं, लिफ्टमध्ये होतं तसं. तेवढंच. दहा झाल्यावर लोक उठले, छत्र्या-पिशव्या घेतल्या, आणि रांगेने घरी गेले.

कपडे बदलायच्या खोलीत वस्ताद माझ्याशेजारी बसले. चष्म्याचा पट्टा अजून डोक्यामागे होता.

"काय दिसलं?"

"तुम्ही आधी सांगा."

त्यांनी पट्टा सैल केला. "डगआउटच्या छपरावर चेंडू आहेत."

मलाही तेच दिसलं होतं. पत्र्याचं सपाट छप्पर, कडेला पन्हळ, आणि त्यात पडलेले चेंडू. काही काळे पडलेले. एकाच्या शिवणीतून गवत आलेलं. आम्ही दहा वर्षं त्या छपराखाली बसत होतो. वरच्या रांगांमधल्या लोकांना ते रोज दिसत असणार. कुणी बोललं नव्हतं.

"आठ असावेत," वस्ताद म्हणाले.

"अकरा. मी मोजले."

"तू नऊ वेळा गेलास."

दुसऱ्या दिवशी गाव सेलला गेलं होतं. आई पहाटेच रांगेत उभी राहिली होती आणि जाताना लाल भाताचा डबा माझ्या उशाशी ठेवून गेली होती. रिकाम्या मैदानात आम्ही दोघांनी तो अर्धा अर्धा खाल्ला. मग मी शिडी लावली. वस्तादांना चढायची बंदी होती, वाकायचीही. ते खाली उभे राहिले आणि मी वरून एकेक चेंडू त्यांच्याकडे टाकू लागलो. ते झेलून बादलीत टाकत होते. मोजत होते, पण मनात. ओठ हलत होते.

शेवटचा, गवतवाला, त्यांच्या बोटांना लागून निसटला. घरंगळत चार पावलांवर जाऊन थांबला.

"असू दे, वस्ताद, मी उतरतो."

त्यांनी ऐकलं नाही. चालत गेले. एक हात कमरेवर ठेवला, गुडघे थोडे वाकवले, मग पाठ, हळूहळू, जणू दुसऱ्या कुणाची आहे आणि परत द्यायची आहे. चेंडू उचलला. तसेच हळूहळू सरळ झाले. मी शिडीवर कान देऊन थांबलो होतो. आवाज आला नाही.

"अकरा," ते म्हणाले, आणि तो बादलीत टाकला.