निकाल कळवू

बाबा दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "काय मॅडम, आमच्या मुलाखतीचं काय झालं?"

ती एका हातानं लॅपटॉप पिशवीत कोंबत होती, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव. "प्रक्रिया चालू आहे, बाबा. निकाल कळवू."

"किती दिवस? दुसरीकडे बघू का मग?"

"खुशाल बघा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तू गं, घेऊ नकोस यांना. रोज डबा घरी विसरतील."

हा खेळ तिनंच सुरू केला होता. एवढ्या मोठ्या कंपनीत शिरताना मुलाखतीच्या फेऱ्यांवर फेऱ्या देऊन तिचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि आता इतरांच्या मुलाखती तिनं घ्यायच्या होत्या. सरावाला घरात उमेदवार एकच, छापखान्यातून निवृत्त झालेले बाबा. काही आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते.

"मुलाखतीचा अनुभव?"

"शून्य. छापखान्याच्या मालकानं माझे हात बघितले आणि म्हणाला, उद्यापासून ये. झालं! सगळा जन्म गेला तिथं."

"आमच्या कंपनीत का यायचंय?"

तोवर बाबा टर उडवत होते. आता चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत म्हणाले, "माझी मुलगी असते तिथं. घरी येते ती पार गळून गेलेली. हसत-बोलत असेल ती तिथंच. म्हटलं, शेजारची खुर्ची मिळाली तर तेवढंच बघायला मिळेल."

तिला तिथंच हो म्हणावंसं वाटलं. पण मुलाखत घेणाऱ्यानं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, होकार तर तोंडावर कधीच द्यायचा नाही, असं प्रशिक्षणात बजावलेलं. "धन्यवाद. निकाल कळवू," ती म्हणाली. बाबांनी उठून अदबीनं हात मिळवला.

एखाद्या रविवारी निवांत बसून निकाल सांगू, असं तिच्या मनात होतं. रविवार येत राहिले.

दाढी करताना त्यांनी विचारलं, त्याच रात्री ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. "कसा गेला दिवस?"

"दमलेय, बाबा. उद्या बोलू."

सकाळी आई त्यांना उठवायला गेली, ते उठले नाहीत.

ती पुन्हा कामावर जाऊ लागली, त्यानंतरची ही पहिलीच मुलाखत. काचेच्या भिंतीची छोटी खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, फळ्यावर आधीच्या कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित. उमेदवार मुलीनं उत्तरं चांगली दिली. जाताना मात्र दाराशी घुटमळली.

"मॅडम, नाही म्हणायचं असलं तरी सांगा हं. वाट बघत बसणं फार वाईट."

"निकाल..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. तिनं नुसती मान हलवली.

मुलगी गेली. तिनं आतून दार लोटलं. समोरची खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालून आणली आणि आपल्या खुर्चीशेजारी लावली. काचेपलीकडून कुणीतरी बघत गेलं. बघू दे.

"बाबा," ती म्हणाली. "तुमची निवड झाली. त्याच दिवशी झाली होती, मी सांगितलं नाही."

तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"उद्यापासून या."