चिंचणीचा स्टॉपर

“भारतातला पत्ता,” शैलेशने फॉर्मवरच्या रिकाम्या चौकटीवर पेन ठेवलं आणि तो तिथेच थांबला.

कोळगावच्या त्या टोलेजंग सरकारी इमारतीत, पहिल्या मजल्यावर, परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कचेरीबाहेरच्या बाकावर तिघं बसली होती. मधे ब्राझीलचा जेनिवाल्दो, सहा फूट तीन इंच, लांब पाय कुठे ठेवावेत या विवंचनेत. डावीकडे शैलेश, बंद पडलेल्या फुटबॉल क्लबचा आता कामावर नसलेला मॅनेजर. उजवीकडे विजया, जिच्या चिंचणीच्या वाडीत जेनिवाल्दो गेले सात महिने राहत होता. म्हणजे कोणता पत्ता लिहायचा हा खरं तर प्रश्नच नव्हता. कुठे सही लागली तर मी करीन, असं विजयाने निघतानाच सांगून ठेवलं होतं.

पण शैलेश नुकताच आत जाऊन आला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. विजया पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेली तेव्हाच तो बोलला. साहेब माणूस बरा आहे, म्हणाला. व्हिसा संपून राहिल्याचा दंड भरला की देश सोडायची परवानगी दहाएक दिवसांत मिळेल. फक्त इतके दिवस कुठे राहिलास याचा पुरावा हवा. घरमालकाचं पत्र. आणि पत्र दिलं की घरमालकावर गुन्हा दाखल होणार, कारण परदेशी माणूस घरात ठेवला तर चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं. त्याचा वेगळा फॉर्म असतो. लॉजवाल्यांना तो पाठ असतो. चिंचणीच्या बागायती वाडवळांना तो कुठून माहीत असणार? पाहुणा आला की त्याला आधी पाणी द्यायचं एवढंच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पाहुण्याची वर्दी पोलिसांत द्यायची असते हे कोणी शिकवलं नव्हतं.

“विजयाकाकीवर केस झाली तर प्रीतमचं संपलं,” शैलेश म्हणाला.

प्रीतम हा विजयाचा एकुलता मुलगा. तिसऱ्या खेपेला पोलीस भरतीत पास झालेला. चारित्र्य पडताळणी याच महिन्यात होती.

“आनि पत्र नाय दिला तर?” जेनिवाल्दोने विचारलं. मराठी तो वाडीत शिकला होता, त्यामुळे ती वाडीचीच होती.

“तर तू लपून राहिलास. मग केस तुझ्यावर. ती संपेपर्यंत हितून हलायचं नाय. वर्ष जाईल, दोन जातील, काय सांगता येत नाय.” शैलेशने नळाकडे पाहिलं. “काकीला सांगू?”

“नको.”

जेनिवाल्दो सोळा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला होता आणि ती सगळी मागे उभं राहून. ब्राझीलच्या ज्या कोरड्या गावात तो जन्मला तिथे घायपाताचे दोर वळण्यापलीकडे काम नव्हतं. बाराव्या वर्षी तो सगळ्या पोरांपेक्षा हातभर उंच झाला, म्हणून प्रशिक्षकाने त्याला उचलून बचावफळीच्या मधोमध, स्टॉपर म्हणून उभं केलं. तिथून तो कधी पुढे सरकलाच नाही. अकरा क्लब झाले. सगळीकडे करार एकेका हंगामाचाच. पोर्तुगालच्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत दोन वर्षं थंडीपावसाच्या चिखलात लोळला, मग गोवा, मग कोलकाता. सोळा वर्षांत गोल तीन, त्यातले दोन चेंडू नडगीला लागून आत गेलेले. त्याचं काम वेगळंच होतं. संघातला डावा बॅक टाळ्या मिळवायला पुढे धावला की त्याची रिकामी जागा भरायची. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायची आणि ती चूक होती हे प्रेक्षकांना कळूही द्यायचं नाही. असल्या माणसाचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. आला तर गोल झाल्यावर जमिनीवर पडलेला येतो.

कोलकात्यानंतर तारापूरच्या एका कारखानदार शेठला फुटबॉलचं वेड लागलं. शेठ लोकांना अशी वेडं लागतात आणि उतरतातही. दोन हंगाम संघ चालला. मैदानावर गवत कापणाऱ्या झिपरूला ‘जेनिवाल्दो’ म्हणता येईना. त्याने आपल्या पाड्यावरच्या नावांच्या हिशेबाने त्याचा ‘जिवल्या’ करून टाकला आणि बोईसरभर तेच चाललं. मग शेठने कारखाना विकला, संघ आठवडाभरात बंद झाला. पासपोर्ट मात्र ‘सुरक्षित राहावा’ म्हणून शेठच्या कपाटात होता. शैलेशने हेलपाटे घालून तो मिळवला तोवर व्हिसा संपून गेला होता. शैलेशला त्याची लाज वाटत होती. चार दिवस ठेवून घ्या म्हणत त्यानेच जेनिवाल्दोला दूरच्या नात्यातल्या विजयाकाकीकडे आणून सोडलं होतं.

चार दिवसांचे सात महिने झाले. जेनिवाल्दोने पानवेलींना पाणी दिलं, नारळ सोलले, बोंबील खायला शिकला. प्रीतमचं ऐकून तोही विजयाला आय म्हणू लागला. पण वाडीच्या कुंपणाबाहेर तो जपूनच पाऊल टाके. बोईसर स्टेशनवर खाकी कपडा दिसला की तो वळून चालू लागे. इतक्या उंचीच्या, इतक्या काळ्या माणसाने लपायचं म्हणजे हत्तीने केळीआड उभं राहायचं. रजिस्टर्ड सामना खेळता येईना, काम धरता येईना, जाता येईना. संध्याकाळी तो किनाऱ्यावर बसे. समुद्र समोर होता, पण तो देखील त्याच्या गावाकडचा नव्हता. मधे अख्खी आफ्रिका आडवी पडलेली.

आणि पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला त्याची मुलगी पंधरा वर्षांची होणार होती.

त्यांच्याकडे मुलीचं पंधरावं म्हणजे लग्नाच्या खालोखाल. सगळं गाव जमतं. बाप पोरीसमोर गुडघ्यावर बसतो, तिच्या पायातल्या सपाट चपला काढतो, उंच टाचांचे बूट चढवतो, आणि मग पहिला नाच तिच्याबरोबर बाप नाचतो. तायनाराला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नाचणार कोणाबरोबर, असं तिने मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं होतं आणि मामा तयार आहे असंही पुढे सांगितलं होतं. जेनिवाल्दो म्हणाला होता, मामाला बसायला सांग, मी येतोय. तिकिटाची सोय त्याच्या भावाने करून ठेवली होती. अंगणात तो रोज पावलं गिरवत होता. जोडीला कोणी हवं म्हणून एकदा त्याने आयलाच उभं केलं. साठीच्या विजयाने पदर खोचला, मला मेलीला तारप्याच्या नाचात नाचवतोस काय म्हणत दोन फेऱ्या घेतल्या आणि हसता हसता ओट्यावर बसली.

आता बाकावर बसून तो त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत होता. त्याला जायचं होतं. पत्र दिलं तर काय बिघडेल? आय स्वतःच द्यायला तयार होती. प्रीतम तरुण आहे, पुन्हा परीक्षा देईल. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा भरल्या, एकदा कोणी आपली भरली तर काय झालं? हे सगळं त्याने मनात म्हणून पाहिलं आणि त्यात त्याला एकही खोट सापडेना. मग त्याला प्रीतम आठवला. पहाटे पाचला वाळूत धावायला उठणारा, तिसऱ्यांदा नापास झालो तर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहीन म्हणणारा. त्याच्याबरोबर सहा महिने जेनिवाल्दोच धावला होता.

विजया बाटली घेऊन आली. तिने त्याला आधी पाणी पाजलं आणि शैलेशला विचारलं, सही कुठे करायची. शैलेश फॉर्म चाळत बसला. आतून नाव पुकारलं गेलं. जेनिवाल्दोने फॉर्म उचलला आणि शैलेशला हातानेच बस म्हणून खुणावलं.

साहेब चष्मेवाला, सावकाश बोलणारा होता. पत्त्याची चौकट रिकामी पाहून त्याने हिंदीत विचारलं, सात महिने कुठे होतास? जेनिवाल्दोने सांगितलं, जुन्या मैदानावरच्या सामानाच्या खोलीत. कोणी दिली खोली? कोणी नाही, कुलूप तोडून शिरलो. जेवण? मिळेल ते.

साहेबांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. निळा शर्ट, कडक घडीचा. केसांना खोबरेल तेल.

“और ये इस्त्री किसने की?”

“लॉन्ड्री, सर.”

“देख भाई, एकदा लिहिलं की लिहिलं,” साहेब आता मराठीतच आले. “पत्ता दे, पत्र दे, दहा दिवसांत घरी जाशील. हे लिहिलंस तर मलाही काही करता येणार नाही. तुझ्या घरी कोणी वाट पाहत नाही का?”

जेनिवाल्दोने पेन मागितलं आणि जबाबाखाली आपलं सगळं लांबलचक नाव लिहिलं, आईचं आडनाव, बापाचं आडनाव, एकही न गाळता.

तासाभराने हवालदार त्याला घेऊन बाहेर आला. तोवर शैलेशने विजयाला सगळं सांगितलं होतं. न सांगून भागणारच नव्हतं. ती ताडकन उठली होती, आत जाऊन खरं काय ते सांगते म्हणाली होती. घरातल्या मानसाचा कसला फॉर्म, असं तिने शैलेशलाच ठणकावलं होतं. शैलेशने फक्त प्रीतमचं नाव घेतलं. तेव्हा ती होती तिथे उभी राहिली, ती अजून उभीच होती.

जेनिवाल्दो तिच्यासमोरून चालला. त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे नजर लावली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर आला तेव्हा तिचा हात आपसूक पुढे झाला, त्याच्या बाहीला लागला. हवालदार थांबला.

“काय हो बाई, ओळखता का याला?”

शैलेशने मान खाली घातली. विजयाने जेनिवाल्दोकडे पाहिलं. तो नकाशाकडेच पाहत होता आणि मनातल्या मनात आपल्या भाषेत तिची विनवणी करत होता.

“नाय,” ती म्हणाली. मग हात मागे घेत म्हणाली, “मी सातबाऱ्याच्या कामाला आलीय.”

“सातबारा खाली. तळमजल्यावर,” हवालदाराने सांगितलं.

जीप दारातच उभी होती. जेनिवाल्दो मान वाकवून मागच्या बाकावर बसला, गुडघे छातीशी घेऊन. जाळीतून तळमजल्याची खिडकी दिसत होती आणि खिडकीपुढची वीस-पंचवीस माणसांची रांग. विजया जिना उतरून आली. हवालदार जीपजवळ उभा राहून तिच्याकडेच पाहत होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढच्या प्रत्येकाच्या हातात कागद होते, हिचे दोन्ही हात रिकामे. जीप सुरू झाली तरी तिने वळून पाहिलं नाही. रांग सरकली, तशी तीही एक पाऊल पुढे सरकली.