टाचेची साक्ष

वरूडजवळच्या त्या संत्राबागेत आमची रुग्णवाहिका थांबली, तेव्हा बागेचे मालक वामनराव सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून संत्रे सोलत होते. त्यांच्यापासून चार हातांवर तोडणीचा मजूर सहदेव उन्हात उताणा पडला होता. झाडाची सावली कोणाच्या वाट्याची, हे त्या बागेत फार पूर्वीच ठरून गेले असावे.

भोवती पंधरा-वीस माणसे जमली होती. कोणी त्याला पाणी पाजले होते, कोणी पाठ चोळली होती, आणि धडधडीत शुद्धीवर असलेल्या त्या माणसाला कोणीतरी कांदाही हुंगवला होता. जे जे करू नये ते सारे मोठ्या आत्मीयतेने उरकून झाले होते. या गर्दीच्या करुणेबद्दल मला कधीच आदर वाटला नाही.

"या डॉक्टरसाहेब," फोड तोंडात टाकत वामनराव म्हणाले. "काई झालं नाई त्याले. बांधावरून पाय घसरला. दोन फूट असन. याच्या बायकोनं उगाच फोन केला. एक सुई टोचा अन् जा."

मी सहदेवजवळ गुडघे टेकले. माझा आवाज मुळातच लहान आहे आणि अशा माणसांसमोर तो घशातच राहतो. चालक धम्मदीपने सहदेवचे डोके दोन्ही हातांत स्थिर धरले. मी श्वास पाहिला, नाडी पाहिली, मान चाचपली, पोट दाबून पाहिले.

"कुठं दुखतं?"

"टाच, साहेब. डावी. बाकी काई नाई."

गर्दी हसली.

"टाचेसाठी गाडी बोलावली बापा!" वामनरावांचा कामदार बंडू म्हणाला. "अन् हा डॉक्टर टाच असा पाहून राहिला, जसं भविष्यच सांगते."

टाच सुजून जांभळी झाली होती. बांधावरून घसरणाऱ्याची टाच अशी फुटत नाही. ती फुटते उंचावरून सरळ पायांवर आदळणाऱ्याची, आणि तो धक्का टाचेत थांबत नाही. हाडाहाडांतून चढत तो कण्यापर्यंत जातो. मी सहदेवच्या कमरेखाली हात सरकवला आणि मणक्यांवरून बोटे फिरवत गेलो. एका जागी त्याने ओठ दातांत धरला.

"किती उंचावरून पडलात?"

त्याने वामनरावांच्या बाजूला डोळे वळवले. "बांधावरून, साहेब."

"ऐकलं ना?" वामनराव खुर्चीतून उठले. "उठ बे सहदेव. दोन पावलं चालून दाखव यायले, म्हणजे मिटलं."

आणि सहदेव उठू लागला. मोडलेला मणका आत तसाच असेल, तर त्या दोन पावलांनंतर तिसरे पाऊल त्याच्या आयुष्यात उरणार नव्हते. हे न जाणणाऱ्या माणसाचा हुकूम तो कोपरांवर भार देऊन पाळत होता. वामनरावांइतकीच चीड मला त्या आज्ञाधारकपणाची आली.

मी त्याच्या छातीवर तळवे टेकले. "हलू नका."

ते फक्त त्यालाच ऐकू गेले. लोकांच्या नजरा चुकवण्याची माझी जुनी सवय आहे. मी वर पाहू लागलो. शेंड्याजवळच्या फांदीला तोडणीची पिशवी लटकत होती, अर्धी भरलेली, वाऱ्यावर संथ हलणारी. शिडी मात्र कुठेच नव्हती.

"सहदेवभाऊ, ती पिशवी कोणी टांगली?"

उताण्या माणसाला तिच्याशिवाय दुसरे काही दिसण्यासारखे नव्हतेच. 

"बारा फूट असन, साहेब," तो पुटपुटला. "वरची पायरी निसटली. पण तसं लिहिलं अन् पोलीस आले, तर मालक मले बागेत पाय ठेवू देणार नाई."

"पाय राहिले तर ठेवसान ना, भाऊ," धम्मदीप म्हणाला.

सहदेवने कोपरे सैल सोडली. मी बोटे हलवायला सांगितली. दोन्ही पायांची बोटे हलली. कुठे हात लावला, तेही त्याने बरोबर ओळखले. मग मानेला पट्टा बांधून आम्ही त्याला एका ओंडक्यासारखा, अंग न पिळता, कुशीवर वळवला आणि फळीवर घेतला. पाठ चोळायला धावलेल्या हातांपैकी दोनच हात उचलायला पुढे आले. ते त्याची बायको गंगूबाई हिचे होते.

"साहेब, दोन फूटच लिहा," वामनराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या श्वासाला संत्र्याचा वास होता. "सहदेव आमच्या घरचाच माणूस हाय."

घरच्या माणसाला उन्हात ठेवण्याची ही रीत मला ठाऊक नव्हती. मी त्यांच्यासमोरच रुग्णाच्या कागदावर लिहिले: बारा फूट.

गाडी अमरावतीच्या दिशेने वळली. मागच्या काचेतून मला बाग दिसत होती. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागून शिडी बाहेर आली होती आणि त्याच झाडाला लागली होती. पिशवीत संत्री होती. ती वर कशी राहू द्यायची? बंडू चढत होता.

"शिडी लावली का परत?" छताकडे पाहत सहदेवने विचारले. "वरची पायरी बांधली नसन."

मी धम्मदीपला गाडी थांबवायला लावली, दार उघडले आणि ओरडलो. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. "बंडू! वरची पायरी निसटते!"

बंडू थबकला. त्याने पायरी हाताने हलवून पाहिली आणि एकेक पाऊल शोधत खाली उतरू लागला.

वामनरावांना शब्द ऐकू गेले नसावेत. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आम्हाला निरोपाचा हात केला.

मी दार लावून घेतले. "बोटं हलवा," मी सहदेवला म्हणालो.

त्याने हलवली.