उलटी फिरवलेली अंगठी

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. काठीचा नव्हे, हातानं वाजवायचा. सुतारानं ओंडका पोखरून मला घडवलं, वर कातडं ताणलं. ऐन उमेदीत मी मोठमोठ्या मंचांवर मिरवलो. म्हातारपणी शिकवणीच्या खोलीत आलो, नवशिक्यांचे रट्टे खायला. त्याचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती माझ्या स्वभावाची. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हात जे करील, ते मी खोलीभर सांगून मोकळा होतो.

शिवणकाम करणाऱ्या काकू पहिल्यांदा आल्या, तेव्हा सर सगळ्यांना म्हणाले, "आधी अंगठ्या काढा. मधोमध पूर्ण तळवा, कडेला नुसती बोटं. आणि तापलेल्या भांड्याला हात लागल्यासारखा लगेच उचला."

काकूंची अंगठी निघेना. कात्री धरून धरून बोटाचा सांधा सुजलेला. हे चारचौघांत सांगायचं कसं? बारीक वळं बोटात रुतून दिसेनासं झालं होतं. दिसायचा तो खडाच. तो त्यांनी गुपचूप, कसाबसा तळव्याच्या बाजूला फिरवला. अहो, पण तळव्याखाली मीच होतो ना!

सुरुवातीचे ठोके बोटांचे होते, छान पडले. "जमतंय की," काकू स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी हौसेनं पूर्ण तळवा मारला. खडा कातड्यात घुसला आणि मी टर्रकन फाटलो.

सगळ्या माना वळल्या. शेजारी बसलेले पोस्टमन म्हणाले, "काकू, ढोल वाजवायचाय, उसवायचा नाही." सगळे हसले. "हात दाखवून अवलक्षण," असं पुटपुटत काकूंनी पिशवी उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटलो मी, आणि मान खाली गेली त्यांची.

सरांनी मला नवं कातडं चढवलं. काकू पुन्हा आल्या, हे त्यांचं धाडसच. अंगठीवर घालायला मऊ कापडाची टोपी शिवून आणली होती. पण वाजवतात कशा, तर झोपलेल्या बाळाला थोपटल्यासारख्या.

"काकू, मोकळ्या हातानं," सर म्हणतात.

"नको हो. पुन्हा सगळे बघतील."

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, उन्हात टाकू नका. पण त्याहून मोठं मागणं आहे. नवशिक्याचा हात चुकला तर हसू नका. माझं कातडं एका संध्याकाळीत बदलून झालं. काकू मात्र अजून मला हलकेच थोपटतात, आणि दर वेळी मला शरम वाटते.