बरणीतला चंदेरी फेस

गोदामासमोरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मळकट पाण्याने भरलेली काचेची बरणी, तिच्यात तळापर्यंत बुडवलेली नळी, आणि नळीत जीव खाऊन फुंकणारी एक बाई. बुडबुड्यांबरोबर चांदीसारखा चमचमता फेस वर आला, तशी गर्दी पुढे रेटली.

"हा हिच्या छातीतला रोग," रोग बरणीत उतरवून दाखवणारे बाबा म्हणाले. "डॉक्टरला दिसत नाही, कारण तो फी घेऊन बघतो."

गोळ्या रोगाला आत कोंडतात, तेव्हा त्या आजपासून बंद, असंही त्यांनी बजावलं.

ती बाई म्हणजे अक्का, गर्दीतच उभ्या असलेल्या फेसवाल्याची थोरली बहीण. खाणीतला दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात तेल आणि रसायन घालायचं, खालून हवा सोडायची आणि फेसाला चिकटून येणारा धातूचा कस वरून काढून घ्यायचा, हे फेसवाल्याचं कारखान्यातलं वीस वर्षांचं काम. बरणीतल्या तेलाचा वास त्याने लगेच ओळखला. ओळखणारच. बाबांच्या शिष्याने फरशी घासायला-पुसायला म्हणून मागितलेला दगडाच्या पुडीचा आणि तेल-रसायनाचा माल यानेच कारखान्यातून गुपचूप काढून दिला होता. बोललो तर नोकरी जाईल, म्हणून तो गप्प राहिला.

पुढच्या खेपेला बाबांनी बरणीत निळं पाणी ओतलं. आता फेस तपकिरी आला. हा जुना रोग, बाबा म्हणाले. कारखान्यातही आधी शिसं वर काढत, मग निळ्या मोरचुदाने तपकिरी जस्त. पण अक्काचा चेहरा असा उजळला होता की त्याने पुन्हा शब्द गिळले.

तीन आठवड्यांत अक्काला जिना चढवेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? फेसवाल्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"हे मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "जिथे गप्प बसलात, तिथे सांगा."

त्याने सकाळी कारखान्यात चोरीची कबुली लिहून दिली आणि संध्याकाळी सायकलचा पंप घेऊन अंगणात गेला. अक्काला आधार देत डॉक्टरीणबाईही आल्या. अश्रद्धेने बरणी बाटते, म्हणून बाबांनी हात आडवा घातला. पण पुढे बसलेल्या म्हातारीने, बघू तर दे, म्हणून तो बाजूला सारला. फेसवाल्याने नळीला पंप जोडून चार दट्टे मारले आणि तोच चंदेरी फेस वर आला.

"पंपालाही छातीचा रोग झालाय का?" त्याने विचारलं.

कुणीतरी हसलं, पण कुणी साथ दिली नाही. मग त्याने समजावून सांगितलं: रसायनामुळे शिशाच्या कणांना पाणी नकोसं होतं, ते बुडबुड्यांना चिकटतात; साधा दगड तळाशी राहतो. फुंकणारा कोण, याच्याशी बरणीला देणंघेणं नसतं. तेल कुणी पुरवलं, तेही सांगितलं.

अक्काने एवढंच विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

ती भिंतीला धरून उठली. त्याने हात पुढे केला. तिने डॉक्टरीणबाईंचा दंड धरला.

लोकांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. फेस खरा होता, चमकही खरी होती. हे कशाने होतं, एवढंच विचारायचं राहिलं होतं. ते विचारत चला. आणि उत्तर ज्याला ठाऊक आहे, त्याने पहिल्याच दिवशी तोंड उघडावं.