थट्टेचे सोयरे

अकोल्गोची आई गेल्याचा निरोप आला तेव्हा आयुओ ज्वारीची दारू गाळत होती. तिने ओट्याकडे पाहिलं. तुरुंगातून सुटून आल्यापासून टेंगान, तिचा नवरा, तिथेच बसून असायचा.

"जायचं ना?"

"तिथं मला कोण विचारतंय?"

ती आणि टेंगान दगाबांचे, त्याच गावातला अकोल्गो फ्राफ्रांचा. दोन्ही जमाती पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचे सोयरे. कुत्र्याचं मुंडकं हा दोघांच्याही आवडीचा घास; ते कुणी चोरलं यावरून एकमेकांना वाटेल ते बोलायचं, पण रागवायचं नाही. मयतावर तर सोयऱ्यांनी गेलेल्या माणसाची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवायचं. त्याशिवाय निरोप पुरा होत नाही.

टेंगान शाळामास्तर होता. स्वातंत्र्यानंतर निवडून आला, प्रांताचा मंत्री झाला, गावात रस्ता आणला, दवाखाना आणला. त्या दवाखान्याच्या उद्‌घाटनाला अकोल्गो गर्दीतून ओरडला होता, "मंत्रीसाहेब, आमचं मुंडकं सरकारी गाडीत लपवलंत काय?" गाव खो खो हसलं. पण व्यासपीठावर राजधानीचे पाहुणे होते. टेंगानने पोलिसाला खूण केली आणि अकोल्गोला फरफटत नेलं. पाठीशी धाकट्या लेकीला बांधून मागे बसलेली आयुओ उठून उभी राहिली.

त्यानंतर एकाही फ्राफ्राने त्याची थट्टा केली नाही. पुढे लष्कराने सरकार उलथवलं, तो तुरुंगात गेला, परतला. बाजारात लोक अजून "साहेब" म्हणत वाट सोडायचे. एवढा मान तर परक्यालाच देतात, असं आयुओला वाटायचं.

"हाकलून देतील गं मला," टेंगान म्हणाला.

"देऊ देत. तुम्ही नव्हतं हाकललं?"

तो ओट्याखाली वहाणा चाचपू लागला. मग उठला. आयुओने दारूची घागर डोक्यावर घेतली.

अकोल्गोच्या अंगणात ढोल वाजत होता, बायका रडत होत्या. टेंगानला पाहून लोकांनी अदबीने वाट दिली. भिंतीशी म्हातारीची काठी होती. त्याने ती उचलली, कंबर वाकवली आणि तिच्यासारखा लंगडत चिरक्या आवाजात ओरडला, "अकोल्गो, मेल्या, माझी तंबाखू कुठंय?"

कुणी हसलं नाही. ढोलही थांबला. आयुओने डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी धरली.

पिकल्या केसांचा टेंगान धुळीत आडवा झाला. "तंबाखू दिल्याबिगर मी जायची नाही! ओढा मला, बघू!"

लाल डोळ्यांचा अकोल्गो पुढे आला. त्याच्या डोक्याशी उभा राहून बघत राहिला.

"ओढायला पोलीस बोलावू का रे, मुंडकंचोरा?"

"बोलाव की," टेंगान पडल्या पडल्याच म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा होता, कापरा. "पण आधी मुंडकं शिजव. भूक लागलीय."

अकोल्गोला रडता रडता हसू फुटलं आणि मग सगळं अंगण हसलं. त्याने टेंगानच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. "ऊठ, म्हातारे. आईपेक्षा जड आहेस तू."

आयुओने घागर खाली ठेवली आणि बायकांमध्ये बसून म्हातारीसाठी मोकळ्या गळ्याने रडली.